चुन्याच्या भिंती आणि हनीकोंब ग्रिड: दोन हंगाम वापरल्यानंतर

पूर्व विदर्भातल्या गावांमध्ये घराच्या आत चित्रीकरण करताना उजेड कमी पडला, अशी वेळ माझ्यावर फार थोड्या वेळा आली आहे. अडचण बहुतेक वेळा उलटीच असते. दहा बाय बाराची खोली, चुन्यात नीळ कालवून रंगवलेल्या भिंती, वर कवेलूंचे छप्पर, खाली शेणाने सारवलेली जमीन. अशा खोलीत एकच दिवा लावला तरी तो माणसाच्या चेहऱ्याबरोबर चारही भिंती उजळून टाकतो आणि कोनाड्यातला, उतरंडीमागचा, देवघराच्या कोपऱ्यातला जो काळोख डोळ्यांना इतका जिवंत वाटत होता, तो पडद्यावर उरतच नाही. मी ब्रह्मपुरी आणि वडसा या पट्ट्यात माहितीपट, मुलाखती, लघुपट आणि हंगामात झाडीपट्टीच्या, म्हणजे इकडच्या धानपट्ट्यातल्या, नाटकांची चित्रमुद्रणे करते. दिवे माझे स्वतःचे आहेत, सोबत बहुधा एकच मदतनीस असतो. उजेड वाढवण्याची साधने माझ्याकडे आधीपासून होती. तो हवा तिथेच राहावा यासाठी मात्र काही नव्हते. म्हणून मागच्या वर्षीच्या दिवाळीआधी मी हनीकोंब ग्रिडचा, म्हणजे दिव्याच्या तोंडावर बसणाऱ्या मधपोळ्यासारख्या जाळ्यांचा, संच घेतला. धान कापणीपासून होळीपर्यंतचा एक पूर्ण हंगाम आणि नंतरचा अर्धाअधिक हंगाम वापरल्यावर त्याविषयी सविस्तर लिहावे असे वाटले, कारण मराठीत या वस्तूविषयी वाचायला फारसे मिळत नाही आणि दुकानदार सांगतात ते मोठ्या स्टुडिओला लागू पडणारे असते.

घेतलेल्या वस्तू दोन प्रकारच्या आहेत. पहिला प्रकार धातूच्या गोल जाळ्यांचा: १०, २०, ३० आणि ४० अंशांच्या चार चकत्या, दिव्यापुढच्या सात इंची रिफ्लेक्टरच्या (धातूच्या वाटीच्या) तोंडात बसणाऱ्या. दुसरा प्रकार कापडी ग्रिडचा: ९० सेंटिमीटरच्या अष्टकोनी सॉफ्टबॉक्सच्या (उजेड मऊ करणाऱ्या कापडी पेटीच्या) तोंडावर वेल्क्रोने लावायचा, ४० अंशांचा. माझे दिवे १५० वॅटचे सीओबी (एकाच चकतीवर दाट बसवलेले) एलईडी आहेत आणि त्यांना बोवेन्स माउंट, म्हणजे पुढची साधने अडकवायची बैठक, आहे. ज्या ब्रिटिश कंपनीच्या नावाने तो माउंट ओळखला जातो ती २०१७ मध्ये बंद पडली, पण तिची बैठक आज जवळपास प्रत्येक स्वस्त-महाग दिव्यावर आहे, त्यामुळे नागपुरातून भाड्याने आणलेला दिवा असो की मित्राकडून मागून आणलेला, या जाळ्या कुठेही अडून बसत नाहीत. लहान गावात काम करणाऱ्याला ही गोष्ट फार मोलाची आहे, कारण अमुकच कंपनीचे जोडकाम हवे असे झाले तर दीडशे किलोमीटरची फेरी ठरलेली. धातूचा संच दोन हजारांच्या आसपास पडला आणि कापडी ग्रिड दीड हजाराला. बनवणाऱ्याचे नाव मुद्दाम देत नाही. हाच माल चार-पाच निरनिराळ्या नावांनी विकला जातो.

गुणदोषांकडे वळण्याआधी ही जाळी नेमके काय करते ते सांगणे आवश्यक आहे, कारण अनेक जण तिला उजेड एकवटणारे भिंग समजतात. ती उजेड एकवटत नाही. दिव्यातून निघालेले जे किरण तिरपे जातात ते जाळीच्या काळ्या भिंतींवर आपटून तिथेच मरतात आणि जे जवळजवळ सरळ जातात तेवढेच बाहेर पडतात. म्हणजे इथे जे काही मिळते ते वजाबाकीतून मिळते. किती तिरपा किरण सुटेल हे जाळीतल्या एका घराची रुंदी आणि त्याची खोली यांच्या प्रमाणावर ठरते. घर अरुंद आणि खोल असेल तितका झोत आवळलेला. माझ्या १० अंशांच्या चकतीतले एक घर जेमतेम ३ मिलिमीटर रुंद आणि सुमारे १७ मिलिमीटर खोल आहे. ४० अंशांच्या चकतीतले घर ७ मिलिमीटर रुंद आणि १० मिलिमीटर खोल. चकती डोळ्यांसमोर धरून खिडकीकडे पाहिले की हा फरक लगेच कळतो: ४० अंशांच्या जाळीतून अख्खी खिडकी दिसते, तर १० अंशांच्या जाळीतून खिडकीचा एकच गज उजळ दिसतो आणि बाकीचा भाग काळा पडतो.

धातूच्या जाळीची घरे षट्कोनी असतात, त्यालाही कारण आहे. सारख्या क्षेत्रफळाच्या घरांनी एखादा पृष्ठभाग भरायचा असेल तर षट्कोनांना सर्वांत कमी लांबीच्या भिंती लागतात. मधमाश्या हे आपल्या रानातल्या मोहोळात नेहमीच करत आल्या, त्याची गणिती सिद्धता मात्र गणितज्ञ थॉमस हेल्स यांनी १९९९ मध्ये दिली. भिंती कमी म्हणजे सरळ जाणाऱ्या उजेडाच्या वाटेत अडथळाही कमी. कापडी ग्रिडची घरे मात्र चौकोनी असतात, कारण सरळ पट्ट्या एकमेकींत अडकवून शिवणे सोपे जाते.

अंशांच्या आकड्याविषयी एक गोष्ट कुणीच सांगत नाही आणि त्यावरून खरेदीत फसगत होते. ४० अंश म्हणजे त्या कोनाबाहेर काळोख, असा माझा समज होता. तसे नसते. मधोमध जेवढा उजेड असतो त्याच्या निम्मा जिथे उरतो, तिथपर्यंतचा कोन मोजून बहुधा तो आकडा लिहिलेला असतो. माझ्या कापडी ग्रिडचे घर ५ सेंटिमीटर रुंद आणि ७ सेंटिमीटर खोल आहे. त्याचे गणित केले तर दोन्ही बाजूंना २० अंशांवर उजेड निम्मा होतो, पण तो पूर्ण थांबतो सुमारे ३६ अंशांवर. तेव्हा भिंत काळी हवी असेल तर लिहिलेल्या आकड्याच्या जवळपास दुप्पट कोन मनात धरून दिवा वळवावा लागतो. हे समजेपर्यंत मी ग्रिड चांगला नाही असे मानत होते; समजल्यावर तोच ग्रिड नीट काम देऊ लागला.

आता ज्या घरात या वस्तूची खरी परीक्षा झाली, तिथे येते. वडशाजवळच्या एका गावात आयुष्यभर दंडार, म्हणजे इकडचे लोकनाट्य, केलेल्या एका वृद्ध कलावंताची मुलाखत होती. त्यांना घरातच, माजघरातल्या लाकडी खांबाजवळ बसायचे होते आणि तेच योग्यही होते. मागे निळसर चुन्याची भिंत, भिंतीवर ओळीने काचेच्या चौकटीतले फोटो, उजवीकडे धानाची कोठी. सॉफ्टबॉक्स त्यांच्यापासून साधारण सव्वा मीटरवर, किंचित वर आणि डावीकडे ठेवला. पहिल्या पाहणीत तीन दोष दिसले. भिंत चेहऱ्याइतकीच उजळ दिसत होती. फोटोंच्या काचांमध्ये सॉफ्टबॉक्सची पांढरी चकचक होती. तिसरा दोष मला सर्वांत जास्त खुपला: त्यांच्या सावलीतल्या गालावर निळसर झाक आली होती, कारण सॉफ्टबॉक्सच्या कडेतून निसटलेला उजेड उजव्या भिंतीवर जाऊन नीळ घेऊन परत येत होता. सत्तरी ओलांडलेल्या, उन्हात रापलेल्या त्या सुंदर चेहऱ्याची एक बाजू आजारी दिसत होती.

भिंत इतकी उजळ का दिसते याचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. दिवा चेहऱ्यापासून सव्वा मीटरवर असेल आणि मागची भिंत दिव्यापासून तीन मीटरवर असेल, तर अंतराच्या वर्गाच्या नियमाने भिंतीवर चेहऱ्याच्या साधारण सहावा हिस्सा उजेड पोचतो, म्हणजे अडीच स्टॉप कमी (एक स्टॉप उतरणे म्हणजे उजेड निम्मा होणे). कागदावर हा फरक पुरेसा वाटतो. परंतु सावळा चेहरा आपल्यावर पडलेल्या उजेडातला जेवढा भाग परत फेकतो, त्याच्या तिप्पट-चौपट भाग चुन्याची भिंत परत फेकते, आणि मग त्या अडीच स्टॉपांतला जेमतेम अर्धा-एक स्टॉप कॅमेऱ्याच्या वाट्याला उरतो. शहरातल्या मोठ्या खोलीत माणसाला भिंतीपासून पाच मीटर पुढे आणून हा प्रश्न सोडवतात. माजघरात पाच मीटर कुठून आणायचे?

त्याच जागी, दिवा तसूभरही न हलवता, कापडी ग्रिड लावला. मागची भिंत लगेच दोन पायऱ्या खाली उतरली. उजव्या भिंतीवर जाणारा उजेड थांबल्याने गालावरची निळाई गेली आणि सावलीतली बाजू तिच्या मूळच्या तांबूस-काळ्या रंगात दिसू लागली. फोटोंपैकी एकाच काचेत अजून चमक होती. ती चौकट वरच्या बाजूने खडूच्या तुकड्याएवढी पुढे कलती केली आणि काम झाले. कोठीच्या कडेवर मात्र एक बारीक उजळ रेघ राहिली होती. ती मी राहू दिली, कारण तिच्यामुळे कोठीचा गोलवा कळत होता. दारात बसलेल्या त्यांच्या पत्नी आधी म्हणाल्या होत्या, "एवढा उजेड कायले पायजे व बाई? मले त समोरचं काहीच दिसून नाई राह्यलं." ग्रिड लावल्यावर त्यांना आपल्या जागेवरून दिव्याचे पांढरे तोंड दिसेनासे झाले आणि त्या पदर डोळ्यांवरून काढून मुलाखत ऐकत बसल्या. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली माणसे गावोगाव घरात असतात. कडेला बसलेल्यांच्या डोळ्यांना मिळणारा हा आराम कुठल्याही जाहिरातीत लिहिलेला नसतो, पण माझ्या लेखी तो या वस्तूचा एक मोठा गुण आहे.

याची किंमत उजेडाने मोजावी लागते. उजेड मोजायच्या माझ्या मीटरवर कापडी ग्रिड लावल्यावर चेहऱ्यावरचा उजेड एक स्टॉपपेक्षा थोडा जास्त घटला, म्हणजे निम्म्याहूनही कमी उरला. गावात संध्याकाळी व्होल्टेज पडते आणि एकाच सॉकेटवर घरातला पंखा, टीव्ही आणि माझा दिवा असतो, अशा स्थितीत दिव्याची ताकद हा चैनीचा विषय राहत नाही. एलईडीचे अडॅप्टर बहुधा १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालणारे असल्याने दिवा मंदावत नाही, हे खरे. पण १५० वॅटचे ३०० वॅट तिथे होऊ शकत नाहीत. मी कॅमेऱ्याचा आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, ८०० वरून १६०० वर नेऊन भरपाई करते आणि आजच्या कॅमेऱ्यांत ती निभावते. ज्यांचा दिवा ६० वॅटचा आहे त्यांनी मात्र सॉफ्टबॉक्स आणि ग्रिड एकत्र लावण्याआधी एकदा करून पाहावे, नाहीतर ग्रिड घेऊनही तो पिशवीतच राहील.

दिवा फार जवळ आणला की कापडी ग्रिडचा स्वभाव बदलतो आणि हे मला चुकूनच उमगले. बिनाग्रिडच्या सॉफ्टबॉक्सला जितके जवळ आणावे तितका उजेड मऊ होत जातो, कारण चेहऱ्याच्या दृष्टीने दिव्याचा आकार वाढतो. ग्रिड लावल्यावर हा नियम एका मर्यादेपर्यंतच चालतो. सव्वा मीटरवरून चेहऱ्याला सॉफ्टबॉक्सची कडा निम्म्या तेजाने तरी दिसते. तोच सॉफ्टबॉक्स ६० सेंटिमीटरवर आणला तर कडेचा उजेड इतका तिरपा पडतो की जाळी तो पूर्णपणे अडवते. ९० सेंटिमीटरच्या सॉफ्टबॉक्सचा मधला ४५ सेंटिमीटरचाच भाग खरे काम करतो. मी एका बाळंतिणीच्या खोलीत जागेअभावी दिवा असा अगदी जवळ आणला होता आणि नाकाची सावली मऊ होण्याऐवजी धारदार का होत चालली आहे हे मला काही केल्या कळेना. ग्रिड काढून मागे पांढरी चादर धरली तेव्हा कुठे काम साधले. म्हणून जवळून उजेड टाकायचा असेल तर कापडी ग्रिड वापरू नये, हे मी स्वानुभवाने सांगते. चष्मा लावलेल्या माणसाच्या बाबतीतही जपावे लागते, कारण काचेत चौकटींची जाळी स्पष्ट उमटते. दिवा हातभर वर घेतला की बहुधा ती निघून जाते.

धातूच्या चार चकत्यांपैकी माझ्या कामात ४० आणि २० अंशांच्या दोनच आल्या. दोन मीटरवरून ४० अंशांची चकती साधारण दीड मीटर रुंदीचा उजळ भाग देते आणि तिथून पुढे उजेड हळूहळू विरत जातो. हे विरणे फार सुंदर असते. बार्न डोअरने, म्हणजे दिव्याच्या कडेच्या पत्र्याच्या झडपांनी, उजेड कापला तर भिंतीवर त्याची सरळ कड दिसते आणि बघणाऱ्याला कुणीतरी उजेड कापला आहे हे कळते. जाळीच्या उजेडाला कड नसते, तो कंदिलाच्या उजेडासारखा विझत जातो. एका लघुपटात रात्री चुलीपुढे बसलेल्या बाईवर वरून केसांना लागणारा बारीक उजेड हवा होता. २० अंशांची चकती लावलेला दिवा पाटणीवरून, म्हणजे माळ्यावरून, खाली रोखला तेव्हा तो केवळ डोक्याला आणि खांद्याला लागला. चूल, तवा आणि सारवलेली जमीन आपापल्या अंधारात राहिली. बार्न डोअरने तेच करायला गेलो असतो तर जमिनीवर चौकोनी डाग पडला असता. १० अंशांची चकती दोन मीटरवरून जेमतेम हातभर रुंदीचा ठिपका देते आणि माणूस बोलता बोलता मान हलवतो की उजेडाबाहेर जातो. स्थिर वस्तूंसाठी, उदाहरणार्थ देवघरातल्या टाकांसाठी किंवा उतरंडीतल्या एका मडक्यासाठी, ती उपयोगी आहे. चालत्या-बोलत्या माणसासाठी नाही.

या चकत्यांच्या दर्जाविषयी मात्र मी समाधानी नाही. २० आणि ३० अंशांच्या चकत्यांतला फरक माझ्या मीटरला जवळजवळ सापडला नाही. घरे मोजली तेव्हा दोन्हींची रुंदी सारखी आणि खोलीत केवळ दीड-दोन मिलिमीटरचा फरक निघाला. अंशांचा आकडा चकतीवर कोरलेला नाही, कागदी चिकटपट्टीवर छापलेला आहे आणि ती चिकटपट्टी पहिल्याच महिन्यात निघून आली. मी आता काठावर पांढऱ्या तैलरंगाने ठिपके दिले आहेत: एक ठिपका म्हणजे १०, चार ठिपके म्हणजे ४०. आतला काळा मुलामा पातळ आहे. जिथे तो खरवडला गेला तिथे अॅल्युमिनियम चमकते आणि त्या चमकेवरून उजेड पुन्हा तिरपा निसटतो, म्हणजे ज्यासाठी जाळी घेतली तेच बिघडते. चकती रिफ्लेक्टरमध्ये सैल बसते आणि पंख्याचा वारा किंवा दिव्याच्या आतल्या पंख्याची थरथर लागली की बारीक किणकिण करते. ध्वनिमुद्रणात ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला वाटले, बाहेर बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ वाजते आहे. काठाला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळल्यावर हा आवाज थांबला. एका चकतीचा काठ डब्यातच दबलेला आला होता. विक्रेत्याला फोटो पाठवले, दोन वेळा आठवण दिली, पण बदलून मिळाली नाही. जाळीची घरे एकदा दबली की सरळ होत नाहीत, त्यामुळे माल हातात पडताच चकती उजेडाकडे धरून पाहावी आणि दबलेली असेल तर त्याच दिवशी परत करावी.

कापडी ग्रिडचा दोष निराळा आहे. त्याचे वेल्क्रो सॉफ्टबॉक्सला शिवलेले नाही, गोंदाने चिकटवलेले आहे. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि बंद गाडीच्या डिकीत त्याहून कितीतरी अधिक तापते. तिथे दोन दिवस राहिलेल्या पिशवीतून सॉफ्टबॉक्स काढला तेव्हा वेल्क्रोची पट्टी गोंदासकट हातात आली. गावच्या शिंप्याकडून चारही बाजूंनी शिवून घेतली, तेव्हापासून ती पक्की आहे. हे काम विकत घेतल्याच्या पहिल्या दिवशीच करून घ्यावे. शिवाय मधल्या पट्ट्या लोंबतात. ग्रिड ताणून बसला नाही तर खालची घरे खाली झुकतात, त्यांचा कोन बदलतो आणि नेमका जमिनीकडे उजेड गळतो. सारवलेल्या जमिनीवर त्याचा फिकट पट्टा दिसू लागला की समजावे, ग्रिड ढिला झाला आहे.

नाटकाच्या रात्रीचा अनुभव थोडक्यात सांगते. झाडीपट्टीची नाटके रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतात, मागे रंगवलेले पडदे असतात आणि मंचालगत वादक बसलेले असतात. आयोजकांच्या परवानगीने मी मंचाच्या दोन्ही कडांना माझे दोन दिवे ४० अंशांच्या चकत्या लावून ठेवले. रंगवलेल्या राजवाड्याच्या पडद्यावर नटांच्या दुहेरी सावल्या पडत होत्या त्या बऱ्याच फिक्या झाल्या, आणि हार्मोनियमवाल्याच्या डोळ्यांत जाणारा उजेड थांबला. त्या दिवसांत धान उभे असल्याने तुडतुडे दिव्यावर झेपावत होते. बाजूने दिवा दिसत नसल्यामुळे माझ्या दिव्यांवर ते उघड्या हॅलोजनपेक्षा कमी आले, हे मी त्या रात्री वारंवार पाहिले; पण जे आले ते जाळीच्या घरांत अडकले आणि पहाटेपर्यंत एका चकतीचा खालचा भाग त्यांनी भरून गेला. साफ करायला मऊ दाढीचा ब्रश आणि फुंकर पुरते. पाणी वापरू नये, मुलामा उखडतो. जुन्या एक हजार वॅटच्या हॅलोजनवर या स्वस्त जाळ्या लावू नयेत हेही सांगायला हवे. एका मंडळाच्या मदतनिसाने माझ्या नकळत तसे करून पाहिले, पाच मिनिटांत रंगाचा उग्र वास सुटला आणि चकती हातात धरवेना. कापडी ग्रिडचा तर तिथे विचारही नको.

जाळीवाचून हेच काम होत नाही का, असे मला नेहमी विचारतात. होते. कटर, म्हणजे स्टँडवरचा उजेड अडवणारा काळा फलक, लावता येतो, स्टँडला काळी चादर बांधता येते, थर्माकोलची मागची बाजू काळी करून उजेड अडवता येतो, आणि मोठ्या सेटवर या सगळ्यांचे काम जाळी करूही शकत नाही, कारण भिंतीच्या नेमक्या कुठल्या रेषेपर्यंत उजेड यावा हे कटरच ठरवू शकतो. पण प्रत्येक कटरला एक स्टँड लागतो आणि प्रत्येक स्टँडला तीन पाय असतात. दहा बाय बाराच्या खोलीत कॅमेरा, दिवा, माणूस आणि मी एवढे मावल्यावर चौथा स्टँड दारात येतो. शिवाय सकाळीच सारवलेल्या ओल्या जमिनीवर स्टँडच्या पायांनी पोपडे निघतात, घरातली बाई काही बोलत नाही, पण आपण गेल्यावर तिला पुन्हा सारवावे लागते. जाळी दिव्याच्या तोंडावरच बसते आणि जमिनीची वीतभरही जागा घेत नाही. लहान घरांत काम करणाऱ्यासाठी माझ्या मते हाच तिचा सर्वांत मोठा आधार आहे.

आमच्याकडची काही मुले शीतपेयाच्या काळ्या नळ्या कापून, पुठ्ठ्याच्या चौकटीत दाबून घरगुती जाळी करतात. मी ती वापरून पाहिली आहे. नळी ६ मिलिमीटर रुंद आणि ३ सेंटिमीटर लांब घेतली तर झोत ११-१२ अंशांचा, म्हणजे फारच आवळलेला येतो. लांबी ८-९ मिलिमीटरवर आणली तर ४० अंशांच्या जवळ जाता येते, पण इतके आखूड तुकडे एकसारखे कापणे आणि चौकटीत उभे ठेवणे कठीण असते. एलईडीपुढे त्या टिकतात, प्लॅस्टिकच्या गुळगुळीत पृष्ठभागावरून थोडा उजेड निसटतो, तरीही शिकायला याहून चांगले साधन नाही. पुठ्ठ्याची जाळी करणाऱ्यांनी आतून पाटीचा काळा रंग द्यावा, चकचकीत काळा देऊ नये.

ज्याला एकच वस्तू घ्यायची आहे त्याने कापडी ग्रिड घ्यावा, तोही आपल्या सॉफ्टबॉक्सच्या मापाचाच, आणि शक्यतो ४० अंशांचा. धातूचा चारचा संच घेण्यापेक्षा ४० आणि २० अंशांच्या दोन सुट्या, जाड मुलाम्याच्या चकत्या मिळत असतील तर थोडे पैसे जास्त देऊन त्याच घ्याव्यात. माझ्या संचातल्या ३० अंशांच्या चकतीने आजवर एकदाही पिशवीबाहेर तोंड काढलेले नाही.

माझ्याजवळ ६० बाय ९० सेंटिमीटरचा आणखी एक सॉफ्टबॉक्स आहे आणि त्याच्या मापाचा ग्रिड बाजारात मला पसंत पडला नाही, म्हणून नाटकांचे पडदे आणि पोशाख शिवणाऱ्या वडशाच्या एका शिंप्याकडे तो शिवायला टाकला आहे. कापड निवडताना दुकानातच मोबाइलचा टॉर्च तिरपा मारून पाहिला: टेरिकॉट चकाकले, जाड सुती काळे कापड उजेड गिळून बसले, तेच घेतले. पट्टी ७ सेंटिमीटर रुंद, खाचा दर ५ सेंटिमीटरवर. पहिल्या चार ओळी गुंफून झाल्या आहेत. पट्ट्या लोंबू नयेत म्हणून कडेच्या शिवणीत नायलॉनची दोरी ओवावी की बांबूच्या बारीक कामट्या घालाव्यात, एवढे ठरायचे राहिले आहे. शिंपीदादांचे मत कामट्यांच्या बाजूने आहे.